गोवन क्रेझी

गोमंतकीय गायक, गीतकार व संगीतकार रेमो फर्नांडिस (८ मे १९५३– ) यांची पहिली स्वतंत्र ध्वनिफीत. ती १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. बार्देश तालुक्यातील शिवोली या गावी, गायकाच्या राहत्या घरात, चार मार्गांच्या एका लहानशा ध्वनिमुद्रण यंत्रावर ती तयार करण्यात आली. गीतरचना, चाली, गायन, सर्व वाद्यांचे वादन, ध्वनिमुद्रण, वेष्टनावरील चित्र आणि अखेरीस दुकानांपर्यंतची पोच ही सर्व कामे एकट्या गायकाने केली. ध्वनिफितीचे नाव हा एक शाब्दिक खेळ आहे. वेड लागण्याच्या अवस्थेला इंग्रजीत ‘गोइंग क्रेझी’ म्हणतात. त्यातील पहिल्या शब्दाच्या जागी ‘गोवन’ म्हणजे गोमंतकीय हा शब्द घातल्याने ‘गोमंतकीय वेड’ असा दुसराच अर्थ निघतो. भारतातील लोक-रॉक संगीताच्या इतिहासात या ध्वनिफितीचे स्थान तीमधील गीतांमुळे जितके आहे, तितकेच ती ज्या रीतीने निर्माण झाली आणि खपली त्या रीतीमुळेही आहे.

लोक-रॉक ही संज्ञा अमेरिकेत १९६५ च्या सुमारास रूढ झाली. परंपरागत लोकगीतांची सरळ कथनपर शैली आणि विद्युत् गिटार, बास व ड्रम यांचा रॉक संगीतातील वाद्यमेळ यांचे ते मिश्रण होय. बॉब डिलन यांनी २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात विद्युत् गिटार हाती घेतले, तेव्हा श्रोत्यांपैकी काहींनी त्यांची हुर्यो उडविली. लोकसंगीत शुद्ध राहिले पाहिजे, असा त्या श्रोत्यांचा आग्रह होता. भारतात या प्रकाराचा पहिला लक्षणीय प्रयत्न बंगालमध्ये झाला. कोलकात्यातील ‘महीनेर घोडागुली’ या वाद्यवृंदाने १९७५ नंतर बाउल गीतांचे संस्कार आणि पाश्चात्त्य वाद्ये एकत्र आणली. १९७७ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, परंतु समकालीन श्रोत्यांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. गोव्यातील परिस्थिती या दोन्ही ठिकाणांहून मुळातच वेगळी होती. तेथे गिटार आणि व्हायोलिन ही वाद्ये परकी राहिलेलीच नव्हती. ‘लोक’ आणि ‘पाश्चात्त्य’ यांचा मेळ रॉक संगीत येण्यापूर्वी कित्येक पिढ्या गोव्याच्या ख्रिस्ती घरांत बसलेला होता. त्यामुळे रेमो फर्नांडिस यांच्या संगीताला जेव्हा ‘मिश्र’ म्हटले जाते, तेव्हा त्यांच्या हाती आलेली परंपराच मिश्र होती, हे लक्षात घ्यावे लागते.

सांगीतिक पूर्वपीठिका : पोर्तुगीज राजवटीत सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळा गावोगावी स्थापन झाल्या. त्यांत धर्मशिक्षणाबरोबर स्वरलेखन, समूहगायन आणि व्हायोलिनवादन शिकविले जाई. उपासनेसाठी गायक व वादक घडविणे हा या शिक्षणाचा मूळ हेतू होता. तथापि त्याचा परिणाम चर्चच्या भिंतींबाहेरही झाला. सामान्य शेतकऱ्याच्या वा खलाशाच्या मुलालाही स्वरलिपी वाचता येऊ लागली. हिंदुस्थानात इतरत्र संगीतविद्या मुखपरंपरेने चालत असताना गोव्यातील ख्रिस्ती समाजात ती कागदावर उतरली होती. पुढे या एका कौशल्यावर हजारो गोमंतकीयांनी मुंबई, कोलकाता, कराची, पूर्व आफ्रिका आणि आगबोटींवर पोट भरले.

एकोणिसाव्या शतकात सासष्टीतील कुडतरी, लोटली, राय, बाणावली या गावांतील सुखवस्तू ख्रिस्ती घरांत मांडो हा गीतनृत्यप्रकार विकसित झाला. संथ लय, दोन स्वरांत समांतर चालणारे गायन, व्हायोलिन आणि घुमट यांची साथ, आणि विरहाची किंवा मीलनाची आर्त भावना ही त्याची लक्षणे होत. मांडोनंतर द्रुत लयीत दुलपद गायिले जाते, आणि त्यात आर्तता मागे पडून गावातील व्यक्ती, प्रसंग आणि थट्टामस्करी पुढे येते. घुमट हे मातीचे तालवाद्य आहे. त्याच्या एका तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून बसवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने घोरपडीस संरक्षण मिळाल्यावर ते कातडे वर्ज्य ठरले आणि शेळीचे कातडे वापरात आले. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटास राज्याच्या वारसावाद्याचा दर्जा दिला. देखणी हा तिसरा प्रकार हिंदू कलावंतिणीच्या नृत्याची ख्रिस्ती नजरेतून केलेली प्रतिमा होय. त्यांपैकी नदीपलीकडे नेण्यासाठी नावाड्याला विनविणाऱ्या कलावंतिणीचे गीत इतके लोकप्रिय झाले, की राज कपूर यांच्या बॉबी (१९७३) या चित्रपटातील एका गीतात त्याचा आधार घेण्यात आला.

या परंपरेचे एक अंग विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मांडो आणि दुलपद ही केवळ प्रेमगीते नव्हती. २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगाव येथे निवडणुकीच्या वेळी झालेल्या गोळीबारावर मांडो रचला गेला. १८९५ च्या राण्यांच्या बंडाची पडछाया दुलपदांत उमटली. वर्तमानपत्र ज्यांच्या हाती पोचत नव्हते, त्यांच्यापर्यंत गीत पोचत असे. तियात्र या कोकणी नाट्यप्रकारातही, ज्याचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला, कथानकाशी संबंध नसलेली गीते मध्ये मध्ये गायिली जातात आणि त्यांत राज्यकर्ते, पाद्री, भाटकार या सर्वांचा समाचार घेतला जातो. १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघराज्यक्षेत्र म्हणून राहावा, या प्रश्नावर उल्हास बुयांव यांच्या गायनाने कोकणीवादी प्रचाराला मोठे बळ दिले. राज्यकर्त्यांना उद्देशून गाणे, स्थानिक गैरसोयींची टिंगल करणे ही जी वैशिष्ट्ये पुढे रेमो फर्नांडिस यांच्या गीतांत दिसतात, त्यांचे मूळ केवळ अमेरिकन निषेधगीतांत शोधणे बरोबर होणार नाही.

मुंबईत स्थायिक झालेल्या गोमंतकीय वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ घडविला. सेबॅस्टिअन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या रचनांना वाद्यवृंदाचे रूप दिले. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि त्या ऋणाची आठवण म्हणून अमर अकबर अँथनी (१९७७) मधील गाण्यात गुरूचे नाव आले. परंतु ते नाव पडद्यावर घेणारे पात्र मात्र विदूषकी ढंगाचे होते. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत अशा वाद्यसंयोजकांना बहुधा साहाय्यक म्हणूनच, आणि तेही क्वचित, जागा मिळे. दुसऱ्या बाजूस, पडद्यावरचा गोमंतकीय मनुष्य हा हाती बाटली असलेला, मोडके हिंदी बोलणारा आणि मनाने भोळा असा ठरून गेला होता. बॉबीमधील प्रेमनाथ यांनी रंगविलेला जॅक ब्रॅगान्झा हा त्याचा प्रसिद्ध नमुना. ज्या समाजाने वाद्यमेळ पुरविला, त्याच समाजाचे असे व्यंगचित्र त्याच चित्रपटांतून देशभर फिरत होते. कोकणीत क्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या ध्वनिमुद्रिकांनी १९७० च्या सुमारास गोमंतकीय नागर जीवनाला स्वतःचा आवाज दिला. त्यांतील जॅझचे वळण आणि कोकणी शब्द यांचा मेळ आजही ताजा वाटतो. परंतु तो आवाज कोकणी जाणणाऱ्यांपुरताच मर्यादित राहिला.

रेमो फर्नांडिस यांचा जन्म पणजी येथे झाला आणि शिवोलीशी त्यांचे घराणे निगडित आहे. शिवोली हे शापोरा नदीच्या काठचे गाव. नाताळानंतर होणारा तेथील जागर हिंदू व ख्रिस्ती मिळून साजरा करतात आणि २४ जूनच्या सांजांव उत्सवात सजविलेल्या होड्या पाण्यातून नेल्या जातात. रेमो सुमारे सात वर्षांचे असताना लंडनहून परतलेल्या एका नातलगाने आणलेली बिल हेली यांची ध्वनिमुद्रिका त्यांच्या कानी पडली आणि रॉक संगीताची त्यांना ओढ लागली. शालेय वयातच त्यांनी मित्रांसह वाद्यवृंद काढला. पुढे मुंबईतील सर जे. जे. वास्तुशास्त्र महाविद्यालयात त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली. या काळात ते ‘द सॅव्हेजेस’ या तेथील नामांकित रॉक वाद्यवृंदात सामील झाले होते. १९७७ ते १९८० या काळात त्यांनी यूरोप व उत्तर आफ्रिकेत भ्रमंती केली आणि पॅरिसमध्ये ‘रॉक सिनर्जी’ या वाद्यवृंदाबरोबर एक ध्वनिमुद्रिका केली. गोव्यात परतले तेव्हा हणजुणे व कळंगुट येथील किनाऱ्यांवर पाश्चात्त्य हिप्पींची वस्ती एक दशक जुनी झालेली होती. यूरोपातील तरुण गोव्यात काहीतरी शोधावयास येत होते आणि गोव्याचा हा तरुण यूरोप पाहून घरी परतला होता. या उलटसुलट प्रवासाची जाणीव त्यांच्या पुढील गीतांतून वारंवार व्यक्त झाली.

ध्वनिमुद्रण : परतल्यावर रेमो यांनी आपली इंग्रजी गीते मुंबईतील ध्वनिमुद्रिका कंपन्यांना दाखविली. भारतात इंग्रजी गाणी विकत घेणारा श्रोता विलायती गायकांचीच घेईल, भारतीयाने स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांना गिऱ्हाईक नाही, असे त्या कंपन्यांचे म्हणणे होते. हिंदीत गाण्याचा सल्लाही त्यांना मिळाला. व्यापाराच्या दृष्टीने हा हिशेब तोपर्यंतच्या अनुभवावर आधारलेला होता. मुंबई-कोलकात्यातील रॉक वाद्यवृंद मुख्यत्वे विलायती गाण्यांची हुबेहूब नक्कल करीत. स्पर्धा आणि उपाहारगृहे यांतून त्यांचे कार्यक्रम होत, पण स्वतःच्या रचनांची सलग ध्वनिमुद्रिका ही दुर्मिळच गोष्ट होती. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका निघावयास १९८८ साल उजाडावे लागले.

रेमो यांनी यावर जो मार्ग काढला, तो एका यंत्रामुळे शक्य झाला. १९७९ मध्ये जपानच्या टीॲक कंपनीने टॅस्कॅम या नावाखाली ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र बाजारात आणले. साधी ध्वनिफीत दोन बाजूंनी वाजते आणि प्रत्येक बाजूस दोन असे एकंदर चार चुंबकीय मार्ग तिच्यावर असतात. या यंत्रात ते चारही मार्ग एकाच दिशेने वापरले जातात आणि फीत नेहमीच्या सेकंदाला सु. ४·७५ सेंमी. ऐवजी दुप्पट वेगाने धावते. त्यामुळे ध्वनीचा दर्जा वाढतो. एका मार्गावर गिटार मुद्रित केल्यावर ते ऐकत ऐकत दुसऱ्या मार्गावर बास, तिसऱ्यावर तालवाद्य असे एकच माणूस वाजवू शकतो. मग हे तीन मार्ग चौथ्यावर एकत्र उतरवून घेतले, की पहिले तीन पुन्हा मोकळे होतात. मात्र प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते, आणि एकदा एकत्र केलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणजे कोणते वाद्य किती पुढे ठेवावयाचे याचा निर्णय गाणे पुरे होण्यापूर्वीच घ्यावा लागतो आणि चूक झाली तर सर्व काम मुळापासून करावे लागते. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला आराखडा आधी आणि बांधकाम नंतर ही सवय असते. या पद्धतीच्या कामाला ती उपयोगी पडली असल्यास नवल नाही.

याच यंत्रावर अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील आपल्या घरी काही गीते कच्च्या नमुन्यादाखल मुद्रित केली होती. वाद्यवृंदासह स्टुडिओत केलेली त्यांची आवृत्ती समाधानकारक न वाटल्याने तो घरगुती नमुनाच नेब्रास्का (१९८२) या नावाने प्रसिद्ध झाला आणि नावाजला गेला. दोन्ही घटना वरवर सारख्या दिसतात, परंतु त्यांत महत्त्वाचा भेद आहे. स्प्रिंगस्टीन यांच्यापुढे उत्तम स्टुडिओ आणि बलाढ्य कंपनी हात जोडून उभी होती. साधेपणा हा त्यांनी केलेला निवाडा होता. शिवोलीत दुसरा पर्यायच नव्हता. म्हणूनच गोवन क्रेझीमध्ये साधेपणाची हौस दिसत नाही. उलट एका माणसाने पूर्ण वाद्यवृंदाचा भरगच्चपणा आणण्याचा प्रयत्न केलेला आहे. गिटार आणि बासरी ही रेमो यांची मुख्य वाद्ये. आवाजांचे थर देऊन समूहगायनाचा परिणाम साधण्यात चर्च-संगीताच्या संस्काराचा मोठा वाटा आहे. यंत्राच्या मर्यादा कानांना जाणवतात. आवाज कोठे कोठे दाटीवाटीने बसल्यासारखा होतो आणि बड्या स्टुडिओतील खोली त्याला नाही. परंतु त्याच कारणाने गायक शेजारच्या खोलीत गात असल्याचा भास होतो, आणि जी गीते गोव्याविषयी गोव्याशीच बोलतात त्यांना हे जवळकीचे वातावरण शोभून दिसते.

गीतांची भाषा मुख्यतः इंग्रजी असली, तरी तिचा रोख परदेशी श्रोत्याकडे नाही. पोर्तुगीज राजवट संपून त्या वेळी तेवीस वर्षे झाली होती. पोर्तुगीज भाषेचे शिक्षण मागे पडले होते, तिची जागा इंग्रजीने घेतली होती, घरात कोकणी आणि वृत्तपत्रांत व देवळांच्या उत्सवांत मराठी चालू होती. अशा समाजातील एका तरुणाने जी भाषा आपल्या पिढीच्या तोंडी सहज होती ती घेतली आणि तीत आपल्या गावाविषयी लिहिले. रेमो यांनी पुढे इंग्रजी, हिंदी, फ्रेंच, पोर्तुगीज आणि कोकणी अशा पाच भाषांत गायन केले.

तयार झालेल्या ध्वनिफितींच्या प्रती काढून घेऊन रेमो यांनी त्या आपल्या पिवळ्या स्कूटरवरून गोव्यातील दुकानांत स्वतः नेऊन दिल्या. या गोष्टीला आता आख्यायिकेचे स्वरूप आले आहे; परंतु तिच्यामागे त्या दशकातील एक फार मोठे आर्थिक स्थित्यंतर होते. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ध्वनिफीत प्रचारात आणली. तोपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ भारतात ध्वनिमुद्रिकांचा धंदा म्हणजे मुख्यत्वे एचएमव्ही, अशी स्थिती होती. तबकडी दाबून काढण्यासाठी कारखाना लागतो. ध्वनिफितीची प्रत काढण्यासाठी दोन यंत्रे आणि एक खोली पुरते. १९८० नंतर आखाती देशांतून परतणाऱ्या नोकरदारांबरोबर फीतवादक यंत्रे घरोघर आली, सुटे भाग व फिती स्वस्त झाल्या आणि गुलशन कुमार यांच्या सुपर कॅसेट्ससारख्या नव्या कंपन्यांबरोबर शेकडो लहान प्रादेशिक निर्माते उभे राहिले. पीटर मॅन्युएल या अमेरिकन संगीतशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बदलाचे विस्तृत विवेचन केले आहे. बड्या कंपनीला जे गाणे किफायतशीर वाटत नव्हते, ते आता एका जिल्ह्यापुरते किंवा एका जातिसमूहापुरतेही काढता येऊ लागले.

महाराष्ट्रातही याच सुमारास भक्तिगीते, भीमगीते, लावण्या आणि कोळीगीते यांच्या ध्वनिफिती जत्रांतून व तालुक्याच्या बाजारांतून पसरल्या. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज त्यांतून खेडोपाडी पोचला. मात्र लोकसंगीताचा फार मोठा भाग या बाजाराच्या बाहेरच राहिला. संत जनाबाईंच्या गंगाखेडापासून सोनपेठपर्यंतच्या परभणी जिल्ह्यातील गोदाकाठी, आणि अवघ्या मराठवाड्यातच, स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या हे असे संगीत होते, की ज्याला विकणारा नव्हता आणि विकत घेणाराही नव्हता. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी महाराष्ट्रातील गावागावांतून अशा लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. त्यांपैकी काहींचे १९९० नंतर ध्वनिमुद्रण झाले आणि त्यात परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील ओव्याही आहेत. तेथे यंत्र अभ्यासकाच्या हाती होते आणि गाणारी स्त्री यंत्रासमोर बसली होती. शिवोलीत गाणारा आणि यंत्र चालविणारा एकच होता. वास्तुशास्त्राची पदवी, यूरोपचा प्रवास आणि परदेशी यंत्र विकत घेण्याची ऐपत या गोष्टी हा फरक घडवून आणण्यास कारणीभूत होत्या, हे विसरता येत नाही. ध्वनिफितीने लोकांना आवाज दिला असे सरसकट विधान केले जाते. कोणाला दिला आणि कोणाला दिला नाही, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

स्वागत व परिणाम : गोव्यातील दुकानांत ठेवलेल्या प्रती हातोहात खपल्या. जाहिरात वा नभोवाणीचा मोठा पाठिंबा नसता इंग्रजी गीतांची ध्वनिफीत एका लहान प्रदेशात खपू शकते, हे सिद्ध झाल्यावर रेमो यांनी त्याच पद्धतीने एकापाठोपाठ ध्वनिफिती काढल्या. ओल्ड गोवन गोल्ड (१९८५) मध्ये त्यांनी जुनी गोमंतकीय गीते नव्या वाद्यमेळात बसविली. पॅक दॅट स्मॅक (१९८६) चा विषय मादक द्रव्यांचे व्यसन हा होता. किनाऱ्यावर येणाऱ्या परदेशी प्रवाशांपुरता मानला गेलेला हा प्रश्न तोपर्यंत स्थानिक तरुणांच्या दाराशी आला होता. मादक द्रव्यांविरुद्धचा कडक केंद्रीय अधिनियमही १९८५ मध्येच संमत झाला. त्यानंतर बाँबे सिटी (१९८७) आली. याच सुमारास श्याम बेनेगल यांनी १९६१ मधील गोव्याच्या पार्श्वभूमीवर त्रिकाल (१९८५) हा चित्रपट लोटली येथील मारियो मिरांडा यांच्या घरात चित्रित केला. त्यात रेमो यांचे गायन आणि दर्शन दोन्ही घडते. हिंदी पडद्यावर गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंब गंभीरपणे रंगविले जाण्याचा हा विरळा प्रसंग होता. पूर्वी नकार देणाऱ्या मुंबईच्या संगीतव्यवसायाने आपले मत बदलले. जलवा (१९८७) या चित्रपटाच्या शीर्षकगीताने त्यांचा आवाज देशभर ओळखीचा झाला, आणि पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेनच्या गीतमहोत्सवातही त्यांना पारितोषिके मिळाली.

राजीव गांधी पंतप्रधान असताना त्यांच्या गोवा भेटीच्या वेळी रेमो यांनी त्यांना उद्देशून रचलेले एक इंग्रजी गीत त्यांच्यासमोरच गायिले. देशाच्या पंतप्रधानाशी अशा सलगीच्या स्वरात गाण्यातून बोलणे काहींना औचित्यभंगाचे वाटले व त्यावर टीका झाली. पंतप्रधानांनी मात्र पत्र पाठवून गीत आवडल्याचे कळविले, तेव्हा वादाचा जोर ओसरला. टीकाकारांना जे उद्धट वाटले, ते तियात्राच्या प्रेक्षकाला नेहमीचेच वाटले असते. रंगमंचावरून अधिकाऱ्याचे नाव घेऊन त्याला दोन शब्द सुनावण्याची तेथे जुनीच वहिवाट आहे. इंग्रजी भाषेमुळे ती वहिवाट ओळखू आली नाही, इतकेच.

भाषा हाच या स्वागतातील सर्वांत नाजूक भाग होता. गोवन क्रेझी निघाली त्यानंतर लगेच गोव्यात राजभाषेचे आंदोलन पेटले. कोकणी ही एकमेव राजभाषा व्हावी की मराठीलाही तोच दर्जा मिळावा, या वादात डिसेंबर १९८६ मध्ये हिंसाचार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी संमत झालेल्या अधिनियमाने देवनागरी लिपीतील कोकणीस राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या वापराचीही तरतूद केली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. ज्या वर्षांत गोमंतकीयत्व म्हणजे काय याचा निर्णय कोकणी आणि मराठी यांच्यात लागावयाचा होता, त्याच वर्षांत तरुणांमध्ये सर्वांत लोकप्रिय झालेला गोमंतकीय आवाज तिसऱ्याच भाषेत गात होता. त्याचा श्रोतृवर्ग शहरी, इंग्रजी शिकलेला आणि बराचसा ख्रिस्ती होता. पेडणे, सत्तरी, काणकोण या तालुक्यांतील भजनी मंडळे, धालो व फुगडी यांचे गोवे त्या गीतांत फारसे नाही. हा आक्षेप गैरवाजवी म्हणता येणार नाही. मात्र दुसरी बाजूही आहे. हिंदी चित्रपटांनी रूढ केलेल्या मद्यपी गोमंतकीयाच्या प्रतिमेला तोंडावर उत्तर देणारा आवाज देशाला कळेल अशा भाषेतच असणे भाग होते, आणि कोकणीतील अधिक सकस संगीत ते काम करू शकले नव्हते.

काटेकोर सांगीतिक निकषांवर पाहिल्यास गोवन क्रेझीपेक्षा नंतरच्या ध्वनिफिती अधिक सफाईदार आहेत, आणि मांडोच्या परंपरेचा विचार केल्यास ओल्ड गोवन गोल्ड अधिक महत्त्वाची ठरते. पुढील काळात रेमो यांची देशव्यापी ख्याती मुख्यत्वे चित्रपटगीतांवर आधारलेली राहिली. बाँबे (१९९५) मध्ये ए. आर. रहमान यांच्या संगीतात त्यांनी गायन केले. प्यार तो होना ही था (१९९८) चे शीर्षकगीत जसपिंदर नरूला यांच्यासह गायिले. ओ मेरी मुन्नी (१९९८) ही हिंदी गीतांची त्यांची ध्वनिफीत लोकप्रिय झाली. ज्या सल्ल्याचा त्यांनी सुरुवातीस अव्हेर केला होता, तोच अशा रीतीने व्यवहारात खरा ठरला, असे म्हणता येईल. फरक इतकाच, की तोवर अटी त्यांच्या झाल्या होत्या. २००७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते. हजारो गोमंतकीयांप्रमाणे रेमो यांनीही ते घेतले आणि पुढे ते पोर्तुगालमध्ये राहू लागले. ज्याच्या गीतांचा विषयच गोवा होता त्याने असे करावे याबद्दल गोव्यात उलटसुलट चर्चा झाली. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले असून शिवोलीतील बालपणापासूनच्या आठवणी त्यात आल्या आहेत.

ध्वनिफितीचा व्यापार एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जवळजवळ संपुष्टात आला. चार मार्गांच्या यंत्राची जागा संगणकाने घेतली आणि घरी बसून, एकट्याने, सर्व वाद्ये व सर्व आवाज मुद्रित करणे ही गोव्यात आणि अन्यत्रही तरुण संगीतकारांची नित्याची रीत झाली.